थांबण्याचा खर्च

सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात बरीच वर्षं काम केलं. पतसंस्था, पगारदारांच्या सोसायट्या, गृहनिर्माण संस्था, दूध संस्था, यांचीच कामं जास्त. मच्छीमार संस्था आमच्यातलं कुणी मागून घेत नाही. फी थोडी, दप्तर ओलं, आणि संस्थेचं कार्यालय म्हणजे बहुतेक ठिकाणी सचिवाच्या घरातली पत्र्याची पेटी. २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला आणि लेखापरीक्षक नेमायचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे आला. त्यानंतर पैठण, गंगापूर, वैजापूर भागातल्या काही मच्छीमार संस्थांच्या ठरावात माझं नाव यायला लागलं. मलाच का निवडलं, असं एका चेअरमनना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही मासे खात न्हाईत, साहेब. जाताना पिशवी भरून द्यायची भानगड नाही."

चेअरमन स्वतः माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, हातात जाळं, आणि घरात मासा शिजत नाही. पैठणला याचं कुणाला नवल वाटत नाही. भोई आणि कहार समाजाची इथली वस्ती जुनी, गोदावरीवर नावा चालवणं आणि मासे धरणं हा पिढ्यांचा धंदा. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, आणि नदीवर जाळं टाकणाऱ्या माणसापुढे पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरणारं पाणी उभं राहिलं. नदीची विद्या तलावाला पुरत नाही. नदीत मासा कुठे वळतो, कुठल्या डोहात बसतो हे बापाने मुलाला दाखवून ठेवलेलं असतं. या जलाशयात, नाथसागरात, वाऱ्याच्या दिवशी लाट उठते ती समुद्रासारखी. थर्माकोलच्या चप्पूवर किंवा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारा माणूस त्या लाटेवर कसा टिकतो, हे काठावरून बघतानाही माझ्या पोटात गोळा येई.

मला मात्र हा धंदा कळत गेला तो वहीतून. मच्छीमार संस्थेची किर्द आणि पतसंस्थेची किर्द यात मोठा फरक असतो. पतसंस्थेत पैसा कुठून आला आणि कुठे गेला एवढं कळलं की संस्था समजते. मच्छीमार संस्थेत खरी मालमत्ता पाण्याखाली पोहत असते आणि ती कुठल्याच खात्याला येत नाही. ताळेबंदात होडी येते, जाळी येतात, त्यांचा घसारा येतो. तलावात सोडलेलं बीज मात्र ज्या वर्षी घेतलं त्याच वर्षी खर्ची पडतं. त्याचे पुढे झालेले, अजून न धरलेले मासे कुठेच दिसत नाहीत.

त्यामुळे काय होतं, हे मला २०१५-१६ च्या दुष्काळात कळलं. ढेकू, टेंभापुरी, सुखना, गिरिजा, खेळणा हे आपल्या जिल्ह्यातले मध्यम प्रकल्प. या धरणांतलं पाणी त्या उन्हाळ्यात तळाला गेलं होतं. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर (दलघमी), तो संपून धरण ७३८ दलघमीच्या मृतसाठ्यात उतरलं होतं, आणि शहराला, जालन्याला, उद्योगांना लागणारं पाणी त्याच मृतसाठ्यातून उपसलं जात होतं. माझ्याकडे असलेल्या एका तलावाच्या संस्थेचं त्या वर्षीचं विक्री खातं पाहिलं तर आकडा आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा मोठा. मला वाटलं, सचिवाने दोन वर्षांची बेरीज एकत्र केली. पावत्या काढून पडताळल्या. विक्री खरी होती. पाणी आटत गेलं तसा सगळा मासा मधल्या डबक्यात गोळा झाला, आणि ओढजाळ्याने तो नुसता खेचून काढायचा राहिला. लहान, मोठा, अंड्याला आलेला, सगळा. तसाही पाण्याबरोबर तो मेलाच असता, त्यामुळे काढला हे चूक नव्हतं. चेअरमन म्हणाले, "साहेब, आवंदा मासा लई निघाला. पण ही काढणी शेवटची हाय." नियमाप्रमाणे गुण मोजले तर संस्था 'अ' वर्गात बसत होती. वसुली पूर्ण, नफा भरघोस, दप्तर चोख. मी 'अ' दिला आणि शेऱ्यात लिहिलं की हा नफा पुढच्या तीन वर्षांच्या उत्पन्नातून आलेला आहे. असा शेरा लिहिण्यासाठी नमुन्यात जागा नसते, म्हणून तो 'इतर बाबी'त गेला.

तीन वर्षं का, तर कटला, रोहू, मृगळ यांचं गणित तसं आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. नाथसागराला वर गोदावरी आणि प्रवरा आहेत, म्हणून पूर आला की काही बीज नैसर्गिकरीत्या तयार होतं. छोट्या तलावांत तेही नाही. तिथे बीज बाहेरूनच आणावं लागतं. हे बीज बाहेरून आणता येतं ते मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणलं. त्याआधी नदीत पुराच्या वेळी बारीक जाळी लावून बीज गोळा करत आणि त्यात नको ते मासेही येत. १० जुलै आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. माझ्या संस्थांमध्ये मी तो पाळलेला पाहिला नाही, त्या दिवसांत सगळे बीज कुठून मिळेल या फोनाफोनीत असतात.

बीजाच्या खरेदीत लेखापरीक्षकाचा जीव टांगणीला लागतो. मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली, असे त्याचे आकार आणि तसे भाव. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ते येतं. मोजायची पद्धत अशी की एका वाटीत किती पिल्लं बसतात ते मोजायचं आणि नंतर वाट्या मोजायच्या. वाटी पाण्याने भरली की माशाने भरली हे मोजणाऱ्याच्या मनगटावर. जिरे स्वस्त, म्हणून बिलावर बोटुकली आणि पिशवीत जिरे, हाही प्रकार होतो. बोटाएवढं झालेलं पिल्लू मरळ आणि वामच्या तोंडून वाचण्याची शक्यता बरी असते, जिरं सोडणं म्हणजे मरळीला खाऊ घालणं. एकदा मी बीज सोडायच्या दिवशी तलावावर जाऊन बसलो. लेखापरीक्षकाने असं बसावं असा नियम नाही. पुरवठादाराने मला बघितलं आणि दोन पिशव्या परत टेम्पोत ठेवल्या. त्यांत काय होतं ते मी विचारलं नाही.

एवढी काळजी घेऊन सोडलेलं बीज वाढू द्यायचं तर थांबावं लागतं. चांगल्या पाण्यात कटला वर्षभरात किलोच्या आसपास जातो. त्याला अंड्यावर यायला आणखी वर्ष-दोन वर्षं. या काळात तंगुसाच्या बारीक आसाच्या जाळ्याने तोच मासा पाव किलोचा असताना निघू शकतो, आणि निघतोही. बारीक जाळ्याला नावं ठेवणं सोपं आहे. सभासदाला ते का घ्यावं लागतं, हे त्याच्या खात्यावरून कळतं.

व्यापाऱ्याकडच्या त्याच्या खात्यावर 'उचल' नावाचा रकाना असतो. जाळं फाटलं, होडीला गळती लागली, पोरीचं लग्न निघालं की व्यापारी उचल देतो. ती संस्थेच्या वहीत येत नाही, ती व्यापाऱ्याच्या वहीत असते. पण तिचे पाय संस्थेच्या वहीत उमटतात: ज्या सभासदाची उचल आहे त्याचा मासा बाजारभावापेक्षा कमी दराने लागलेला, वर किलोमागे कडता कापलेला. काठावर काटा व्यापाऱ्याचा, बर्फ व्यापाऱ्याचा, टेम्पो व्यापाऱ्याचा. शहरात मासा पोचला की त्याला आंध्रातून बर्फात आलेल्या तळ्यातल्या रोहू-कटल्याशी सामना करायचा. आंध्राचा मासा बारा महिने, एकाच मापाचा, ठरल्या दराने येतो. आपला मासा आज आला, उद्या नाही. व्यापारी म्हणतो, रोज दे, लहान असला तरी चालेल. उचल घेतलेला माणूस त्याला थांबायला सांगू शकत नाही.

काही वर्षांनी मी माझ्या अहवालाला एक पुरवणी तक्ता जोडायला लागलो. कायद्याने तो सक्तीचा नाही. बीज किती सोडलं, कोणत्या मापाचं, महिन्याला कोणत्या जातीचा किती किलो मासा निघाला, सर्वांत बारीक जाळं किती बोटांचं. शेवटचा रकाना भरताना पहिली काही वर्षं सगळ्या संस्था एकच उत्तर लिहायच्या, "नियमानुसार". मी तो कोरा सोडा असं सांगितलं. मग हळूहळू खरे आकडे आले. एका संस्थेत कटल्याचं सरासरी वजन दर वर्षी खाली जाताना दिसलं, आणि त्याच वेळी तिलापिया, ज्याला कुणी चिलापी म्हणतं, वर चढताना. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा पिल्लं देतो, मादी ती तोंडात सांभाळते. त्याला पुराची वाट पाहायची गरज नाही. गरीब मच्छीमाराला रोजचं काही तरी मिळतं ते त्याच्यामुळे, हेही खरं. त्याला शिव्या देणाऱ्या तज्ज्ञांनी एक उन्हाळा काठावर काढावा.

तो तक्ता सर्वसाधारण सभेत वाचला गेला. चार बोटांपेक्षा बारीक जाळं कुणी टाकलं तर ते जप्त, असा ठराव झाला आणि पहिलं जप्त झालेलं जाळं चेअरमनच्या पुतण्याचं निघालं. म्हणून ठराव काही काळ टिकला. पुढच्या एका वर्षी नवा व्यापारी आला, मोठी उचल देऊन गेला, आणि इतिवृत्तात ठराव तसाच असताना पाण्यात तो उरला नाही. सभासदांची दानत बदलली नव्हती. थांबण्याचा खर्च कोण देणार, एवढाच प्रश्न होता.

सरकारी मदत या खर्चाला हात लावते का, हे मी हिशेबाच्या डोळ्यांनी पाहिलं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. होडी, जाळी, शीतपेटी, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, यांना ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के. बहुतेक मदत मासा लवकर आणि जास्त धरण्याच्या साधनांना. त्याच योजनेत मासेमारी बंद ठेवायच्या तीन महिन्यांसाठी कुटुंबाला ४,५०० रुपये आहेत, त्यांतले १,५०० त्यानेच आधी साठवलेले. म्हणजे सरकारचे महिन्याला हजार रुपये. एक जाळं याहून महाग पडतं. पावसाळ्यात श्रावणामुळे गावाकडची मागणी आपोआप घटते, ती बीजाच्या वाढीला पूर्वीपासून मदत करत आली. पण संभाजीनगरसारख्या शहरात श्रावणातही गिऱ्हाईक असतं आणि व्यापारी तिथेच विकतो.

थांबायला दुसरी गोष्ट लागते ती हक्काची. आपल्याकडे पाटबंधारे तलावांची मासेमारी साधारण पाच वर्षांच्या ठेक्याने दिली जाते. पहिल्या वर्षी बीज सोडायचं, दोन-तीन वर्षं जपायचं, आणि चौथ्या वर्षी डोळे पुढच्या ठेक्याकडे. तो आपल्याला मिळेल की नाही याची खात्री नसेल तर शेवटच्या वर्षी तलाव कोण राखेल? मी पाहिलेल्या वह्यांत ठेक्याच्या शेवटच्या वर्षी बीजाचा खर्च घटतो आणि विक्री वाढते. आटलेल्या तलावाच्या वहीसारखीच ही वही दिसते, फक्त इथे पाणी भरलेलं असतं. राज्याच्या २०१७ च्या धोरणाने ठेक्याचे दर आणि निविदेच्या अटी बदलल्या तेव्हा संस्थांनी राज्यभर ओरड केली, पुढे काही फेरबदल झाले. दर कमी-जास्त होणं समजू शकतं. मुदत लहान असणं हे मूळ दुखणं आहे.

नाथसागरावर तर पाण्याचा मालक कोण हेच सांगता येत नाही. धरण जलसंपदा विभागाचं, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, पक्षी वन विभागाचे. १९८६ पासून जलाशय पक्षी अभयारण्य आहे, ३४१ चौरस किलोमीटरचं, आणि २०१७ मध्ये त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. शहरातली खाम नदी आपलं सांडपाणी घेऊन शेवटी याच पाण्यात येते. तरंगत्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला, तेव्हा पैठणच्या कहार समाज पंच समितीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने २०२४ मध्ये याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये हस्तक्षेप केला नाही. सौर वीज हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण जमीन गेली असती तर सातबारा दाखवून मोबदला मागता आला असता. ज्याचं पाणी झाकलं जातं त्याच्या हातात दाखवायला कागदच नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, किसान क्रेडिट कार्ड तर २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. निर्णय चांगले आहेत. मात्र बँकेत कर्जाला गेलेल्या माझ्या एका सभासदाला अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो सातबाऱ्याचाच.

विदर्भात भंडारा-गोंदियाच्या बाजूला अभ्यासक मनीष राजनकर आणि ढिवर समाजाच्या संस्थांनी जुन्या मालगुजारी तलावांवर केलेलं काम मी वाचलं आहे. त्यांनी बेशरमाची झुडपं काढली, तलावाच्या कोरड्या तळाची नांगरट केली, पाणवनस्पती लावल्या, आणि देशी मासे परतले. तिथे बीज विकत घेण्यापेक्षा तळं माशाला राहण्याजोगं करण्यावर भर आहे. आमच्या खडकाळ, चढत्या-उतरत्या पाटबंधारे तलावांना ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण तिथल्या संस्थांनी पाणी आपलं समजून काम केलं, ते मात्र लागू होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची लघु मासेमारीविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २०१४ मध्ये मंजूर झाली. त्यांत पाण्यावरच्या हक्काचं आणि स्त्री-पुरुष समानतेचं प्रकरण स्वतंत्र आहे. ती चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीला अर्पण केली आहेत. मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या या बाई त्याच वर्षी मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानात होत्या. जगात धरल्या जाणाऱ्या एकूण मासळीपैकी किमान ४० टक्के लहान मच्छीमार काढतात, असं याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालात आहे.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून सांगतो. सभासद नोंदवहीचा 'आय' नमुना उघडला की सगळी नावं पुरुषांची. आठवडी बाजारात पाटी घेऊन बसते ती बाई, मासा निवडते, साफ करते, उधारी लक्षात ठेवते तीही बाईच. एका सचिवाला मी विक्रीचे आकडे कुठून आणलेस असं विचारलं, तर त्याने आतल्या खोलीत हाक मारली, "अगं ए, मंगळवारचं सांग." आतून महिन्याचे चारही मंगळवार तोंडपाठ आले. तिला सभासद करून घ्या, असं मी दोष दुरुस्तीच्या मुद्द्यांत लिहिलं. ते दोष दुरुस्तीत बसत नाही, असं मला कार्यालयातून कळवण्यात आलं. पुढच्या अहवालात मी ते पुन्हा लिहिलं.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. ठेका किमान दहा वर्षांचा आणि जो प्रत्यक्ष जाळं टाकतो त्याच्या संस्थेला पहिला हक्क. बंदीच्या महिन्यांची मदत एवढी की उचल घ्यावी लागू नये. आणि लेखापरीक्षणाच्या नमुन्यात बीज, वजन, जाळ्याचा आस यांचा तक्ता सक्तीचा. हे करायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो.

आणि संभाजीनगरच्या मासे खाणाऱ्यांनो, मी तुमच्यातला नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगतो: किलोच्या आतला कटला-रोहू घेऊ नका. स्वस्त मिळाला तरी नको म्हणा. लहान मासा पडून राहिला तर व्यापारी तो उचलायचं थांबवतो, आणि व्यापाऱ्याने थांबवलं की तलावावरचं जाळं चार बोटांचं व्हायला दोन बाजारसुद्धा लागत नाहीत.